इंजिनाला हात न लावता शक्ती कशी वाढते?

अकरावीच्या वर्गात मी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवीत होतो. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, असे फळ्यावर लिहून मी वळलो, तोच मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, माझा दादा भाड्याची गाडी चालवतो. डिझेलची आहे. आमच्याकडे एक जण नुसता लॅपटॉप जोडून गाडीची शक्ती वीस टक्के वाढवून देतो. बॉनेटसुद्धा उघडत नाही. मग ही जास्तीची शक्ती येते कुठून?"

वर्ग हसला. पण विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न हसण्यासारखा नव्हता. इंजिनाचा एकही भाग बदललेला नाही, टाकीत तेच डिझेल आहे, आणि तरी गाडी घाटात जास्त जोराने चढते. नियम खरा असेल तर या वाढीची किंमत कोठेतरी चुकती झालीच पाहिजे. ती कोठे, हे शोधण्यासाठी आपल्याला आधी गाडीतल्या एका लहानशा पेटीत डोकवावे लागेल.

पेटीचे काम

आजच्या मोटारीत अनेक लहान लहान संगणक असतात. एक ब्रेक सांभाळतो, एक अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांवर लक्ष ठेवतो, एक दिवे आणि दरवाजांची कुलुपे पाहतो. त्यांना कंट्रोल मोड्यूल म्हणतात. यांतले सर्वांत महत्त्वाचे मोड्यूल इंजिनाचे. मेकॅनिक त्याला 'ईसीएम' म्हणतात. आपणही तेच नाव वापरू.

ईसीएम येण्यापूर्वी त्याचे काम कार्ब्युरेटर करीत असे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने गेली की तिचा दाब कमी होतो, हे बर्नूलीचे तत्त्व तुम्ही शिकला असाल. या कमी दाबामुळे पेट्रोल वर ओढले जाई आणि हवेत मिसळे. युक्ती मोठी सुंदर होती, पण कार्ब्युरेटरला डोळे नव्हते. हवा थंड आहे की गरम, दाट आहे की विरळ, हे त्याला कळत नसे. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. तेथे तेच कार्ब्युरेटर हवेच्या मानाने जास्त पेट्रोल सोडी, आणि गाडी काळा धूर टाकीत दम खाई.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. धुराड्यातील विषारी वायू निरुपद्रवी करणारा उत्प्रेरकही हे प्रमाण अगदी काटेकोर असेल तरच नीट काम करतो. म्हणून स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७६ साली अमेरिकेत विकायच्या गाड्यांत बॉश कंपनीचा ऑक्सिजन-संवेदक बसवला. झिर्कोनियाचा हा संवेदक धुरात ऑक्सिजन किती उरला ते व्होल्टतेच्या रूपाने सांगतो. पुढे १९७९ साली जर्मनीत बीएमडब्ल्यूच्या एका गाडीत बॉशचीच 'मोट्रॉनिक' ही यंत्रणा आली. तिच्यात इंधन किती द्यायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे दोन्ही निर्णय एकच संगणक घेऊ लागला.

सेकंदात पंचवीस वेळा अर्धा थेंब

हे निर्णय किती बारीक असतात, ते एका हिशेबावरून पाहू. आपल्या ओळखीच्या मारुती ८०० गाडीचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे व तीन सिलिंडरचे. म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे २६५ घनसेंटिमीटर हवा मावते. हवेची घनता लिटरला १.२ ग्रॅम धरली, तर ही हवा ०.३२ ग्रॅम झाली. तिला १४.७ ने भागा. पेट्रोल येते सुमारे २२ मिलिग्रॅम, म्हणजे औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाच्या जवळजवळ अर्धे!

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा इंधन लागते. तेव्हा प्रत्येक सिलिंडरला सेकंदात २५ वेळा हा अर्धा थेंब मोजून द्यायचा. ईसीएम विजेवर उघडणारी बारीक झडप काही मिलिसेकंद उघडी ठेवतो आणि बंद करतो. किती मिलिसेकंद, एवढेच त्याला ठरवायचे असते.

आता ठिणगीचे पाहा. एक फेरा २० मिलिसेकंदांत पूर्ण होतो. फेऱ्याचे अंश ३६०. म्हणजे एक अंश वळायला लागतात सुमारे ५६ मायक्रोसेकंद. मिश्रण पेटून पूर्ण जळायला २ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्यात इंजिन ३६ अंश वळून जाते. म्हणून दट्ट्या अगदी वर पोचल्यावर ठिणगी पाडून चालत नाही. ती आधीच पाडावी लागते.

किती आधी? फार उशिरा पाडली, तर दट्ट्या खाली निघून गेल्यावर दाब वाढतो आणि शक्ती वाया जाते. फार लवकर पाडली, तर दाब व तापमान इतके चढते की कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकते. सिलिंडरमध्ये दाबाची लाट आदळते आणि हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. ते चालू राहिले तर दट्ट्याला भोकसुद्धा पडते. गंमत अशी, की बऱ्याच वेळा सर्वांत जास्त शक्ती देणारी जागा या धोक्याच्या कडेलाच असते.

तक्त्यातले आकडे

मग नेमका अंश सूत्राने काढता येईल का? येत नाही. फेरे वाढले की सिलिंडरमधली हवा जास्त घुसळली जाते आणि ज्वलनही जलद होते. हवेचे तापमान, इंजिनावरील भार, इंधनाचा दर्जा, सगळ्यांचाच त्यात हात असतो. म्हणून अभियंते इंजिन प्रयोगशाळेत बसवून महिनोन् महिने चालवतात आणि मिळालेले आकडे तक्त्यात भरतात. आपल्या घरी पाढ्यांचे किंवा लॉगॅरिदमचे पुस्तक असते, तशी ईसीएमच्या स्मृतीत अशा तक्त्यांची वहीच असते.

नमुन्यासाठी एक छोटा तक्ता घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. भार ४० टक्के असताना २००० फेऱ्यांना २६ अंश आणि ३००० फेऱ्यांना ३२ अंश. भार ६० टक्के असताना तेच २२ आणि २८. आता गाडी २५०० फेऱ्यांवर ५० टक्के भाराने चालली आहे. हा आकडा तक्त्यात नाही. मग ईसीएम काय करतो? लॉगॅरिदमच्या पुस्तकात नसलेला अंक तुम्ही काढता, तेच. तो चारही शेजाऱ्यांकडे पाहून मधली किंमत काढतो. येथे आपण बरोबर मध्यावर आहोत, म्हणून चौघांची सरासरी घ्या: २६, ३२, २२ आणि २८ यांची बेरीज १०८, भागिले ४, म्हणजे २७ अंश. हे गणित ईसीएम दर सेकंदाला कित्येक वेळा करतो.

दादाच्या डिझेल गाडीत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. तेथे तक्ते असतात ते डिझेल किती व केव्हा फवारायचे, टर्बोने हवा किती दाबायची आणि क्लचच्या भल्यासाठी इंजिनाने जास्तीत जास्त किती पीळ द्यायचा, यांचे.

आकडे बदलायचे कसे?

सुरुवातीच्या काळात हे आकडे एका चिपमध्ये असत. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असे. खिडकीवर अतिनील किरण पाडले की काही मिनिटांत आधीचे सगळे पुसले जाई आणि नवे आकडे भरता येत. त्यासाठी पेटी उघडून चिप काढावी लागे. पुढे तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली 'फ्लॅश' स्मृती जगापुढे मांडली. तिच्यातील मजकूर विजेनेच पुसता व लिहिता येतो. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये हीच स्मृती असते. ती ईसीएममध्ये आल्यावर पेटी उघडण्याचे कारण उरले नाही. अमेरिकेने १९९६ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना तपासणीसाठी एकसारखे सॉकेट सक्तीचे केले. आज आपल्याकडील गाड्यांतही स्टिअरिंगच्या खाली ते सापडते. त्या सॉकेटात केबल खोचली की मोड्यूलशी बोलता येते.

पण मोड्यूल कोणाशीही बोलत नाही. किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकरी परवलीचा शब्द विचारी, तसे ते एक संख्या पुढे करते. तिचे ठरलेल्या रीतीने काढलेले उत्तर आले तरच आत घेते. शिवाय ते ताळाही करून पाहते. गुणाकार बरोबर आला की नाही हे तुम्ही नवाच्या ताळ्याने तपासता ना? तशीच स्मृतीतील सर्व अंकांची ठरावीक पद्धतीने केलेली बेरीज शेवटी लिहून ठेवलेली असते. मधला एक आकडा जरी बदलला तरी ताळा जुळत नाही आणि मोड्यूल काम नाकारते. आकडे बदलणाऱ्याला ताळाही नव्याने मांडावा लागतो. आणि हे लेखन चालू असताना बॅटरी उतरली, तर अर्धे जुने व अर्धे नवे असे होऊन मोड्यूल निकामीही होऊ शकते.

असा बदल प्रत्येक वेळी वाईटच असतो असे नाही. अमुक वेगाला दरवाजे आपोआप बंद व्हावेत की नाही, दिवे किती वेळ चालू राहावेत, अशा गोष्टी काही गाड्यांत एका आकड्याने ठरतात. घड्याळाचा गजर लावण्याइतकाच तो प्रश्न आहे. कंपन्या स्वतःही चूक सापडली की गाड्या बोलावून नवे आकडे भरून देतात. दादाने विचारलेला बदल मात्र या जातीचा नव्हता.

शक्ती येते कुठून?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, दादाच्या गाडीचे इंजिन ७५ किलोवॅट शक्ती देते, आणि डिझेलमधल्या ऊर्जेपैकी ३५ टक्के ऊर्जाच कामी येते. म्हणजे पूर्ण जोरात चालताना डिझेलमधून दर सेकंदाला २१४ किलोज्यूल ऊर्जा यायला हवी. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६,००० किलोज्यूल असतात. भागाकार करा: सेकंदाला ६ मिलिलिटर डिझेल झाले.

शक्ती २० टक्क्यांनी वाढवून ९० किलोवॅट करायची, तर डिझेलमधून २५७ किलोवॅट यायला हवेत. त्यासाठी सेकंदाला ७ मिलिलिटरपेक्षा थोडे जास्त डिझेल लागेल. म्हणजे शक्ती लॅपटॉपमधून आली नाही. ती डिझेलमधूनच आली. लॅपटॉपने झडपेला फक्त सांगितले, 'आणखी थोडा वेळ उघडी राहा.' टर्बोला सांगितले, 'हवा आणखी दाब.' ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला धक्का लागला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. जास्तीच्या ४३ किलोवॅटपैकी १५ चाकांकडे गेले. उरलेले २८ किलोवॅट उष्णता होऊन रेडिएटर, टर्बो आणि धुराड्यातून बाहेर पडले. दोन किलोवॅटचे चौदा गीझर एकदम लावावेत, एवढी ही उष्णता आहे. रेडिएटर तोच, टर्बो तोच, दट्ट्याही तोच. लॅपटॉपने त्यांच्यात एक कणही भर घातलेली नाही.

मग कारखान्याने हा आकडा आधीच का लावला नाही? अभियंत्यांना काय तो ठाऊक नव्हता? ठाऊक होता. पण तीच गाडी मे महिन्यात राजस्थानात आणि हिवाळ्यात लडाखमध्ये चालायची असते. कोणी हवेची गाळणी वेळेवर बदलत नाही, कोणी सातांच्या जागी दहा माणसे बसवतो, कोठे इंधनात भेसळ निघते. या सगळ्यांतून गाडीने वर्षानुवर्षे तग धरावा म्हणून काही ताकद राखून ठेवलेली असते. कधी धंद्याचा हिशेबही त्यात असतो, हे खरे. एकच इंजिन दोन शक्तींत विकले जाते. त्यात कधी फरक आकड्यांचाच असतो, तर कधी टर्बो किंवा क्लचही वेगळा दिलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नाही.

परीक्षेपुरता शहाणपणा

राखलेल्या ताकदीपैकी एक वाटा गाडीसाठी नसतोच. तो तुमच्या आमच्या फुफ्फुसांसाठी असतो.

सिलिंडरमधील तापमान फार वाढले की हवेतीलच नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. सूर्यप्रकाशात त्यांच्यापासून ओझोन व धुरके तयार होते. ती रोखण्यासाठी थोडा धूर पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून ज्वलन थंड ठेवतात, किंवा धुराड्यात रासायनिक सापळा बसवतात. या दोन्हींसाठी इंधन, शक्ती किंवा टिकाऊपणा यांपैकी काहीतरी सोडावे लागते. हे उपाय किती वापरायचे, हेही आकड्यांनीच ठरते.

या आकड्यांशी कारखान्यानेच कसा खेळ केला, याची कथा प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात काही संशोधकांनी डिझेल गाड्यांचा धूर रस्त्यावर मोजायचे ठरवले. त्यांत भारतातून तेथे शिकायला गेलेले अरविंद तिरुवेंगडम व हेमंत कप्पण्णा हेही होते. धूर प्रयोगशाळेत मोजण्याची रीत अशी: गाडी रुळांवर उभी करायची, चाके फिरवायची आणि ठरलेल्या वेगाने चालवायची. या संशोधकांनी मोजणीची उपकरणे डिकीतच बसवली आणि गाड्या कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर पळवल्या. प्रयोगशाळेत नियमात बसणाऱ्या फोक्सवागेनच्या दोन गाड्यांपैकी एक रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट, तर दुसरी ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइडे सोडताना आढळली. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

कोडे उलगडले ते १८ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कंपनीला नोटीस दिली तेव्हा. गाडीचा संगणक स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यांवरून ओळखत होता, की आपली परीक्षा चालू आहे. चाके फिरतात पण स्टिअरिंग वळत नाही, म्हणजे गाडी रुळांवर आहे! अशा वेळी तो स्वच्छ धुराचे आकडे वापरी आणि रस्त्यावर आल्यावर दुसरे. परीक्षक वर्गात असेपर्यंतच शहाणे बसणाऱ्या मुलासारखे हे झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने मान्य केले.

भारतातही चौकशी झाली आणि पुण्याच्या 'एआरएआय' या वाहन-संशोधन संस्थेने कंपनीच्या गाड्या तपासल्या. भारतात आपण कोणताही नियम मोडलेला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तरी डिसेंबर २०१५ मध्ये तिने येथील सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. दुरुस्ती कोणती, तर मुख्यतः सॉफ्टवेअरची. चूक आकड्यांत होती, म्हणून उपायही आकड्यांतच होता.

या प्रकरणानंतर रस्त्यावरील मोजणीला फार महत्त्व आले. युरोपात २०१७ पासून आणि आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरही धुराची चाचणी द्यावी लागते. पण ही चाचणी कारखान्यातून येणाऱ्या गाडीची. गाडी आपल्या ताब्यात आल्यावर कोणी तिचे आकडे बदलले तर? डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडे मोजत नाहीत. ती रंगाने दिसतही नाहीत. म्हणजे गाडी तपासणीत पास होईल, आणि शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलांच्या श्वासात मात्र ती जात राहतील. मोटार वाहन कायदा १९८८ यात वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. पण येथे कायद्याआधी आपली समजूत उपयोगी पडावी, असे मला वाटते.

दादाच्या गाडीचे काय झाले?

हे सर्व मी त्या दिवशी वर्गात सांगितले. मुलाने ते घरी जाऊन सांगितलेही. पण दादाच्या गाडीवर कर्ज होते, घाटातल्या फेऱ्या होत्या, आणि लॅपटॉपवाल्याचे बोलणे गोड होते. त्याने काम करून घेतले. पहिले दोन महिने तो फार खूश होता.

पावसाळ्यात गणपतीपुळ्याहून सात प्रवासी घेऊन परतताना आंबा घाटात गाडीला जळकट वास येऊ लागला. इंजिन गरगरत होते, गाडी मात्र पुढे जाईना. क्लचप्लेट जळाली होती. क्लच किती पीळ पेलणार, हे त्याच्या स्प्रिंगचा दाब, प्लेटची त्रिज्या आणि घर्षण यांवरून ठरते. तक्त्यातला पिळाचा आकडा वाढला होता. स्प्रिंग तीच होती. प्रवाशांना धुक्यात दोन तास रस्त्याच्या कडेला बसून राहावे लागले, त्यांत एक म्हातारी बाई होती. नवा क्लच, गाडी ओढून आणण्याचे भाडे आणि बुडालेल्या फेऱ्या, असा त्या महिन्याचा हप्ता त्यातच गेला.

मूळ आकड्यांची प्रत लॅपटॉपवाल्याने ठेवली नव्हती. कंपनीच्या वर्कशॉपमधून ते पुन्हा भरून घ्यावे लागले. परवा तो मुलगा भेटला, तेव्हा म्हणाला, "सर, दादाने विचारलंय, क्लचचा हिशेब कसा करतात ते लिहून द्याल का?" मी त्याला एक कागद लिहून दिला. आता तो दादाही आपला विद्यार्थी झाला आहे असे मी समजतो.

तुम्ही करून पाहा

१. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना एक अंश वळायला किती मायक्रोसेकंद लागतील?

२. वर दिलेल्या तक्त्यावरून २२५० फेरे व ४० टक्के भार असताना ठिणगी किती अंश आधी पडेल, ते काढा.

३. घरच्या किंवा शेजारच्या वाहनाचे पीयूसी प्रमाणपत्र मागून घ्या. त्यात काय काय मोजले आहे आणि काय मोजलेले नाही, याची यादी करा. पेट्रोल व डिझेल वाहनांच्या प्रमाणपत्रांत फरक का असतो, यावर आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.